ड्रम फिरतो, पण कपडे वाळत नाहीत

जुलै महिन्यात कोकणातल्या कुठल्याही घरात डोकवावे. माजघरात, पडवीत, जिन्याखाली, जिथे जागा मिळेल तिथे दोऱ्या बांधलेल्या असतात आणि त्यांवर तीन-तीन दिवसांचे कपडे लोंबत असतात. गणवेश सकाळी दमटच अंगात घालायचा, नाहीतर त्यावर इस्त्री फिरवून वाफ काढायची, हे बहुतेक शिक्षकांनी लहानपणी स्वतः केलेले असेल. कपडे वाळायला ऊन लागते असे आपण म्हणतो. पण ऊन नसले तरी कोरडा वारा असला की ते वाळतात, आणि वर पंखा गरगरत असूनही हवा दमट असली की रेंगाळतात. हे सगळे आम्ही दोघांनी तीस वर्षे वर्गात शिकवले. त्याची परीक्षा मात्र एका बिघडलेल्या यंत्राने घेतली, आणि पहिल्या फेरीत आम्ही नापास झालो.

आमची लेक अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात राहते. एका जानेवारीत आम्ही तिच्याकडे होतो. बाहेर उणे चौदा अंश. अशा हवेत दोरीवर टाकलेला ओला टॉवेल पंधरा मिनिटांत पापडासारखा ताठ होतो. त्यामुळे तिथे बहुतेक घरांत कपडे वाळवण्याचे यंत्र असतेच. इथे एक घोटाळा आधी दूर करायला हवा. आपल्याकडे अर्ध-स्वयंचलित धुलाई यंत्राच्या दुसऱ्या टाकीला सर्रास ‘ड्रायर’ म्हणतात. ती टाकी कपडे वाळवत नाही. कपडे वेगाने गरगर फिरवून ती त्यांतले पाणी बाहेर फेकते, म्हणजे हाताने पिळण्याचेच काम अधिक चांगले करते. पाण्याचे बाष्प करणे हे त्यापुढचे काम, आणि ते करतो तो खरा ड्रायर.

चुलीच्या उष्णतेवर कपडे वाळवणाऱ्या साधनाचे पेटंट जॉर्ज सॅम्पसन यांनी अमेरिकेत १८९२ साली घेतले होते. फिरत्या ड्रमचा घरगुती ड्रायर १९३८ साली बाजारात आला तो याच विस्कॉन्सिनमधल्या टू रिव्हर्स गावच्या हॅमिल्टन कंपनीकडून. त्याचे नाव होते ‘जून डे’, जूनमधला दिवस! तिकडच्या माणसाला जून म्हटले की लख्ख ऊन आठवते. आपल्याकडे कोणी कपडे वाळवण्याच्या यंत्राला जूनचे नाव दिले असते तर गिऱ्हाईक हसतच दुकानाबाहेर पडले असते.

तर झाले असे की, एका सकाळी लेकीने धुतलेले कपडे ड्रायरमध्ये टाकले, तासाभराने दार उघडले, आणि कपडे होते तसेच. ओले आणि थंडगार. ड्रम व्यवस्थित फिरत होता, आतला दिवा लागत होता, घड्याळ पुढे सरकत होते. कारागीर नुसता दारात येण्याचे जे पैसे सांगत होता ते ऐकून आम्ही म्हटले, “एक दिवस थांब. आधी आपण विचार करून पाहू.”

विचार कुठून सुरू करायचा? यंत्र काय काम करते, तिथून.

आम्ही कपडे वजनकाट्यावर घातले. कोरडे असताना ३.६ किलो भरणारे कपडे धुऊन, फिरवून, पाणी काढून झाल्यावर ५.७ किलो भरले. म्हणजे २.१ किलो पाणी त्यांत शिल्लक होते. एक किलो पाण्याचे बाष्प करायला, ते उकळवले तरी किंवा पन्नास-साठ अंशांना हळूहळू उडवले तरी, ढोबळमानाने २,३०० ते २,४०० किलोज्यूल अप्रकट उष्मा लागतो. २,४०० धरले तर २.१ किलोला सुमारे ५,००० किलोज्यूल, म्हणजे १.४ युनिट वीज. ही उष्णता पाण्याला कुठूनतरी मिळालीच पाहिजे. दोरीवर ती आजूबाजूच्या हवेतून आणि उन्हातून मिळते. ड्रायरमध्ये ती विजेच्या तारेतून येते. आमच्या यंत्रावर ५,४०० वॉट असे लिहिले होते. ही सारी उष्णता फक्त पाण्यालाच मिळाली असती, तर काम सोळा मिनिटांत झाले असते.

पण उष्णता हा निम्मा भाग. निघालेले बाष्प दूर न्यायला हवे. २० अंशांची हवा प्रत्येक घनमीटरमध्ये जास्तीत जास्त १७ ग्रॅम बाष्प सामावू शकते. तिची सापेक्ष आर्द्रता ४० टक्के असेल तर तीत ७ ग्रॅम बाष्प आधीच असते. हीच हवा ६० अंशांपर्यंत तापवली तर तीतले बाष्प तेवढेच राहते, पण तिची क्षमता १३० ग्रॅमपर्यंत वाढते. सापेक्ष आर्द्रता पाच टक्क्यांच्या आसपास येते. ऐन उन्हाळ्यात विदर्भातसुद्धा हवा क्वचितच इतकी कोरडी होते. अशी तहानलेली हवा कपड्यांमधून सतत जात राहिली पाहिजे आणि बाष्प घेऊन घराबाहेर पडली पाहिजे. म्हणून ड्रायरमध्ये एक पंखा असतो. तो खोलीतली हवा ओढतो. ती आधी तापक तारेच्या पेटीतून जाते, मग फिरत्या ड्रममधून, मग जाळीतून, आणि शेवटी चार इंची नळीने भिंतीपलीकडे. जाळी असते ती कपड्यांची लव अडवायला.

हा मार्ग कागदावर काढून आम्ही भिंतीला चिकटवला. पुढे तो आमच्या उपयोगी पडला, पण पडायला हवा होता त्यापेक्षा दोन आठवडे उशिरा.

ड्रम फिरतो म्हणजे मोटर, पट्टा, दाराचे बटण, घड्याळ ही मंडळी निर्दोष. हवा गरम होत नाही म्हणजे तापक तारेतून विद्युतधारा वाहत नाही. याची कारणे तीनच संभवतात. तारेपर्यंत पुरेशी वीज येत नाही, तार तुटली आहे, किंवा वाटेतला एखादा स्विच उघडा आहे.

पहिले कारण ऐकून जावई म्हणाले, “बाबा, वीज येत नसती तर ड्रम कसा फिरला असता?” प्रश्न रास्त होता. पण अमेरिकेतल्या घरात वीज ‘अर्धी’ जाऊ शकते. आपल्या घरात एक फेज आणि एक न्यूट्रल येते आणि त्यांत २३० व्होल्ट विभवांतर असते. तिथल्या घरात रोहित्रातून तीन तारा येतात. मधली न्यूट्रल, आणि तिच्या दोन बाजूंना दोन जिवंत तारा. कोणतीही जिवंत तार आणि न्यूट्रल यांत १२० व्होल्ट. पण या दोन तारा नेमक्या एकमेकींच्या उलट झुलत असतात. एक वर जाते त्याच क्षणी दुसरी खाली. त्यामुळे त्या दोघींमध्ये २४० व्होल्ट मिळतात. दिवे, मिक्सर, दूरदर्शन संच १२० व्होल्टवर चालतात. शेगडी, पाणी तापवणारी टाकी आणि ड्रायर २४० वर. तीन तारांची ही युक्ती मुळात एडिसनची, १८८३ सालची, आणि तांबे वाचवण्यासाठी काढलेली. त्या काळी ती एकदिश प्रवाहासाठी होती. पुढे प्रत्यावर्ती प्रवाह आला तरी तीन तारांची ही रचना टिकून राहिली.

आता गंमत पाहा. ड्रायरची मोटर १२० व्होल्टची, म्हणजे एक जिवंत तार आणि न्यूट्रल यांच्यामध्ये जोडलेली. तापक तार मात्र दोन्ही जिवंत तारांच्या मध्ये. दुसरी जिवंत तार कुठे तुटली, किंवा जुन्या घरात तिचा स्वतंत्र फ्यूज जळाला, तर ड्रम आनंदाने फिरत राहील आणि उष्णतेचा पत्ता नसेल. आपल्याकडे खेड्यात ‘एक फेज गेली’ की विहिरीवरची मोटर नुसती घुमते आणि घरातला दिवा मात्र चालू असतो, त्याच जातीचा हा प्रकार.

वर्गात विचारण्याजोगा एक प्रश्न इथे आहे. अशा अर्ध्या विजेच्या स्थितीत कोणी तापक तारेच्या दोन्ही टोकांना आपला नेहमीचा निऑनचा टेस्टर लावला तर काय दिसेल? टेस्टर दोन्ही टोकांना पेटेल! पाहणारा म्हणेल, “इकडे वीज आहे, तिकडेही वीज आहे, म्हणजे तारच खराब.” आणि चांगली तार काढून फेकून देईल. खरे म्हणजे, धारा वाहत नसल्यामुळे पहिल्या जिवंत तारेचे विभव आख्ख्या तापक तारेवर पसरलेले असते. दोन्ही टोके जमिनीच्या तुलनेत १२० व्होल्टवर, पण एकमेकांच्या तुलनेत शून्यावर. टेस्टर जमिनीशी तुलना करतो, तारेला मात्र दोन टोकांमधला फरक लागतो. विजेच्या एकाच तारेवर बसलेल्या चिमणीला काही होत नाही ते याच कारणाने. विभव आणि विभवांतर यांतला फरक सांगायला आम्हाला याहून चांगले उदाहरण मिळालेले नाही. (हा प्रयोग विचारातच करायचा. चालू यंत्र उघडून करायचा नाही.)

सॉकेटमधला दाब मोजणे हे सरावलेल्या हाताचेच काम. शेजारी एक निवृत्त वीजतंत्री राहत होते, त्यांनी येऊन मोजला. २४१ व्होल्ट. पहिले कारण बाद झाले. आता यंत्राची वायर सॉकेटमधून काढून बाजूला ठेवली, आणि पुढचे सगळे मोजमाप विजेशिवाय केले.

दुसरा संशयित म्हणजे तार. ही नायक्रोमची असते. निकेल आणि क्रोमियमचे मिश्रण, साधारण ८०:२०. अल्बर्ट मार्श या अमेरिकन धातुतज्ज्ञाला १९०६ साली तिचे पेटंट मिळाले. तोपर्यंत विजेची शेगडी ही फार दिवस टिकणारी वस्तूच नव्हती, कारण लाल तापलेली तार हवेतल्या ऑक्सिजनने खाल्ली जाई. नायक्रोमवर क्रोमियम ऑक्साइडचा घट्ट चिकटून बसणारा थर तयार होतो आणि तो खालच्या धातूचे रक्षण करतो. तरी वर्षानुवर्षे तापून-निवून वेटोळे लोंबते, एखाद्या जागी तार बारीक होते, तिथला रोध वाढतो, म्हणून तिथे जास्त उष्णता, म्हणून ती आणखी बारीक. शेवटी तुटते.

५,४०० वॉट आणि २४० व्होल्ट, म्हणजे धारा साडेबावीस अँपिअर आणि रोध १०.७ ओहम. हा हिशेब तापलेल्या तारेचा झाला. मोजणार आम्ही थंड तार. बल्बच्या टंगस्टनच्या तारेबाबत ही मोठी चूक ठरली असती, कारण तिचा थंडपणीचा रोध पेटलेल्या अवस्थेच्या दहावा-पंधरावा हिस्साच असतो. नायक्रोमचा रोध तापमानानुसार फारच थोडा बदलतो, म्हणून चालते. तारेचे एक टोक सोडवून घेतले. तसे न केल्यास मीटरची धारा दुसऱ्याच एखाद्या वाटेने फिरून येते आणि तुटलेली तारही चांगली भासू शकते. मीटर म्हणाला १०.४. तार निर्दोष.

उरले स्विच. उष्णतेने उघडणारे स्विच या यंत्रात तीन ठिकाणी होते, आणि ते एकसारखे नव्हते. पहिला, पंख्यापाशी, रोजच्या कामाचा थर्मोस्टॅट. ड्रममधून येणारी हवा सत्तर अंशांच्या आसपास गेली की तो तापक तार बंद करतो, निवली की चालू करतो. दुसरा तापक पेटीवर, पहारेकऱ्यासारखा. पेटी साधारण १२० अंशांवर गेली तर तो वीज तोडतो आणि निवल्यावर पुन्हा जोडतो. या दोघांच्या पोटात द्विधातूची छोटी तबकडी असते. दोन धातू वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण पावतात, त्यामुळे तबकडी ठरावीक तापमानाला ‘टक्’ करून उलटी वळते. (आपल्या इस्त्रीतून अधूनमधून येणारा आवाज याच प्रकारचा. तिथे तबकडीऐवजी पट्टी असते.) तिसरा स्विचही तापक पेटीवर, पण तो आयुष्यात एकदाच उघडतो. पावणेदोनशे अंशांच्या आसपास तो वीज तोडतो आणि पुन्हा कधीच जोडत नाही. याला आपण उष्णता-फ्यूज म्हणू. साध्या फ्यूजला धारा जास्त झालेली कळते, याला तापमान. इस्त्री, भात शिजवायचा विजेचा कुकर, केस वाळवायचे यंत्र, अशा पुष्कळ वस्तूंत याची भावंडे लपलेली असतात. काहींत ठरावीक तापमानाला वितळणारी गोळी असते. ती वितळली की स्प्रिंग सुटते आणि संपर्क कायमचा दूर होतो.

थंड असताना तिघेही जोडलेले असायला हवेत, म्हणजे रोध जवळजवळ शून्य. पहिला, शून्य. दुसरा, शून्य. तिसरा, अनंत.

सापडला! आम्हाला झालेला आनंद काय सांगावा. जावयांच्या एका मित्राने फोनवर सोपा उपाय सुचवला: “त्या फ्यूजची दोन टोके एका तारेच्या तुकड्याने जोडून टाका, यंत्र लगेच चालेल.” चाललेही असते. आपल्याकडे फ्यूजच्या जागी जाड तार बांधणारे लोक आम्ही पुष्कळ पाहिले आहेत, तेव्हा हा सल्ला ओळखीचाच होता. तो आम्ही मानला नाही आणि नवा उष्णता-फ्यूज मागवला. त्याबरोबर एक नवा पहारेकरी थर्मोस्टॅटही आला. उत्पादक हे दोन सुटे भाग जोडीनेच विकतो. कारण उघड आहे. पहारेकरी जागा असता तर फ्यूजपर्यंत पाळी आली नसती, असा त्याचा संशय असतो. दोन्ही बसवले, कळ फिरवली, पाच मिनिटांत दार गरम लागू लागले. रात्री जेवताना आम्ही आमच्या तर्कशुद्ध पद्धतीविषयी बरेच बोललो.

बाराव्या दिवशी ड्रम फिरत होता आणि कपडे थंड होते. मोजले. तोच फ्यूज, पुन्हा अनंत.

आता जरा खाली मान घालून आम्ही भिंतीवरच्या आमच्याच चित्रापुढे बसलो. फ्यूज ‘बिघडला’ नव्हता. पहिल्यांदाही नव्हता. त्याने त्याचे काम केले होते. पेटी पावणेदोनशे अंशांवर गेली एवढे तो सांगत होता, आणि आम्ही ते सांगणाऱ्यालाच दोषी ठरवून बदलून टाकले होते. खरा प्रश्न होता, पेटी इतकी तापली का? वर्गात एखादा मुलगा सारखा पेंगतो, तर त्याला दर वेळी तोंड धुवायला पाठवण्यासारखे आम्ही करत होतो. रात्री तो का झोपत नाही हे विचारले नव्हते.

तापक तार दर सेकंदाला ५,४०० ज्यूल उष्णता ओतते. ती उचलून नेण्याचे काम हवेचे. पंखा सेकंदाला ७० लिटर हवा ओढत असेल, तर त्या हवेचे वस्तुमान सुमारे ८४ ग्रॅम. हवेची विशिष्ट उष्णता लक्षात घेतली तर तापमान ६४ अंशांनी वाढते. २० अंशांची हवा ८४ अंशांची होऊन ड्रममध्ये शिरते. आता हवेची वाट अडली आणि प्रवाह निम्मा झाला असे समजा. उष्णता तेवढीच, हवा निम्मी, म्हणजे वाढ दुप्पट, १२८ अंश. हवा दीडशे अंशांकडे निघते. १२० ला पहारेकरी वीज तोडतो. पण लालबुंद तारेतली उष्णता वाहून न्यायला पुरेशी हवाच नसते, म्हणून वीज तोडल्यावरही पेटी आणखी काही काळ चढत राहते. वाट जवळजवळ बंदच झाली असेल, तर ती केव्हातरी फ्यूजच्या मर्यादेला पोचते.

यातून एक विचित्र गोष्ट निघते. वाट अडलेल्या ड्रायरमध्ये पेटीतली हवा नेहमीपेक्षा जास्त गरम असते आणि तरीही कपडे नेहमीपेक्षा उशिरा वाळतात. कारण पहारेकरी तापक तारेला निम्मा वेळ बंदच ठेवतो, आणि जी थोडी हवा फिरते ती लवकर बाष्पाने भरून जाते. ‘कपडे वाळायला वेळ लागतोय, म्हणजे उष्णता कमी पडते आहे’ असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात कमी पडलेली असते हवा.

आणि याची साक्ष आमच्या डोळ्यांपुढे होती. टॉवेल वाळायला पाऊण तासाऐवजी दीड तास लागू लागला आहे असे लेक आठवडाभर म्हणत होती. ड्रायरच्या खोलीतल्या खिडकीच्या काचा धुक्याने पांढऱ्या होत होत्या, आणि आमची नात त्यावर बोटाने हत्ती, घर, आजोबांचा चष्मा अशी चित्रे काढत होती. आम्ही कौतुकाने पाहत होतो. बाहेर जायचे बाष्प खोलीत का येते आहे, हा प्रश्न भौतिकशास्त्राच्या दोन निवृत्त शिक्षकांपैकी एकालाही पडला नाही.

यंत्र पुढे ओढले. मागची पन्नीची लवचिक नळी भिंत आणि यंत्र यांच्यामध्ये दबून चपटी झाली होती. तिच्या सांध्यातून दमट हवा खोलीत येत होती. भिंतीतल्या पत्र्याच्या नळीला दोन वळणे होती आणि प्रत्येक वळणावर लव साठली होती. अंगातले कोट सावरत आम्ही घराबाहेरून गेलो. तिथे नळीच्या तोंडावर झडप असते. हवा आली की ती उघडते, थांबली की मिटते, म्हणजे पाखरे आत घरटे करत नाहीत. त्या झडपेवर ओल्या लवेचा थर बसला होता आणि तो गोठून झडप चिकटली होती. ड्रायरची ऊबदार दमट हवा उणे चौदा अंशांच्या पत्र्याला लागली की दुसरे काय होणार?

नळीतून निघालेली लव आम्ही स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलली. साडेतीनशे ग्रॅम. सुकी असताना ती पिंजलेल्या कापसासारखी दिसत होती. ती कपड्यांतून झिजून आलेला कापूसच होती, आणि वस्तुमानाच्या मानाने पृष्ठभाग प्रचंड असल्यामुळे पेटायला अत्यंत उत्सुक. चिमूटभर लव अंगणात बर्फावर ठेवून काडी लावली, तर डोळ्याचे पाते लवायच्या आत भस्. हीच लव तापक पेटीपाशी साठली असती आणि आम्ही तो तारेचा तुकडा बसवून ठेवला असता तर काय झाले असते, हे सांगायला आकडेमोड लागत नाही. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने २००८ ते २०१० या वर्षांसाठी केलेल्या अंदाजानुसार, राहत्या इमारतींत कपड्यांच्या ड्रायरमुळे दरवर्षी सुमारे २,९०० आगी लागत आणि त्यांत सरासरी पाच माणसे दगावत. कारणांत पहिला क्रमांक होता साफसफाई न करण्याचा, ३४ टक्के. महिन्यांत पहिला क्रमांक जानेवारीचा.

त्या रात्री लेकीला आम्ही सगळे सांगितले, तारेच्या तुकड्याच्या सल्ल्यासकट. ती काही बोलली नाही. ड्रायरच्या खोलीच्या बरोबर वर नातीची झोपायची खोली आहे.

पन्नीची नळी काढून तिथे पत्र्याची कडक नळी बसवली. आतून गुळगुळीत असल्याने तीत लव कमी अडकते आणि ती दबतही नाही. जाळी दर वेळी कपडे काढल्यावर साफ करायची, असे ठरले. जाळी दिसायला स्वच्छ असली तरी एकदा नळाखाली धरून पाहावी. पाणी तिच्यावर साचून राहिले तर कपडे मऊ करणाऱ्या सुगंधी कागदांचा मेणचट थर तिच्यावर बसला आहे असे समजावे आणि ब्रशने साबण लावून धुवावी. पाणी जिथून सहज जात नाही तिथून हवाही मोकळेपणाने जात नाही.

मग तिसरा फ्यूज बसवला.

गॅसवर चालणारेही ड्रायर तिथे असतात. त्यांत तारेऐवजी ज्योत असते, पण हवेची वाट आणि पहारेकरी तेच, म्हणून अडथळ्याची लक्षणेही तीच. युरोपात बाहेर हवा न सोडणारे, बाष्प आतच थंड करून त्याचे पाणी करणारे ड्रायर अधिक दिसतात. धुणे आणि वाळवणे एकाच ड्रममध्ये करणारी यंत्रे आता आपल्याकडच्या शहरांतही मिळतात. त्यांच्यात बहुतेक वेळा बाहेर जाणारी नळी नसते, पण लव असतेच, आणि ती कुठेतरी साठतेच.

आपल्या शाळेत ड्रायर नसला तरी याचा गाभा शिकवता येतो. भंगारवाल्याकडून एक जुनी इस्त्री आणावी. वायर मुळाशी कापून टाकावी, म्हणजे कोणी उत्साहाच्या भरात ती सॉकेटमध्ये घालणार नाही. इस्त्री ७५० वॉटची असेल तर तिचा रोध किती असावा, हे मुलांना आधी काढू द्यावे (२३० व्होल्टला सुमारे ७० ओहम), आणि मगच मल्टिमीटर हातात द्यावा. थर्मोस्टॅटची बटणे फिरवून पट्टीचा संपर्क कुठे जुळतो, कुठे सुटतो ते पाहावे. पट्टीखाली काही अंतरावर मेणबत्ती धरली तर ती वळताना दिसते. तापक तार चांगली असूनही इस्त्री तापत नव्हती असे निघाले, तर दोषी कोण हे शोधायला मुलांना आवडेल. त्यांनी दोषी शोधला की मग विचारावे, “पण तो असा का वागला?”

दुसरा प्रयोग दोन सारख्या ओल्या रुमालांचा. दोन्ही तोलून घ्यावेत. एक दोरीवर पंख्याखाली टांगावा. दुसरा प्लॅस्टिकच्या बंद पिशवीत घालून उन्हात ठेवावा. अर्ध्या तासाने पुन्हा तोलावेत. उन्हातला रुमाल हाताला चांगला गरम लागेल, पिशवीच्या आत थेंब जमलेले दिसतील, आणि काटा काय दाखवेल ते मुलांना आधी वहीत लिहायला लावावे.

नळी साफ केल्यानंतर आम्ही तेच ३.६ किलो कपडे पुन्हा धुऊन वाळवले. ४२ मिनिटे लागली. सुरुवातीच्या हिशेबाप्रमाणे सोळा पुरली असती. बाकीची उष्णता कुठे गेली हे पाहायला आम्ही बाहेर गेलो. झडप पूर्ण उघडली होती आणि तिच्यातून वाफेचा जाड लोट निघून शेजाऱ्यांच्या कुंपणापर्यंत जात होता. यंत्र त्या वाटेने तासाला अडीचशे घनमीटर हवा बाहेर टाकत होते, आणि तेवढीच गोठलेली हवा दारांखिडक्यांच्या फटींतून घरात शिरत होती. ती तापवण्याचा खर्च पुन्हा वेगळा. बाहेर टाकली जाणारी ही उष्णता उष्णता-पंपाने परत मिळवणारे ड्रायर आता निघाले आहेत. त्यांना वीज बरीच कमी लागते, वेळ मात्र जास्त. खोलीतली काच त्या दिवशी स्वच्छ राहिली. नातीने आमच्याकडे तक्रार केली की आता चित्रे कुठे काढायची.